वासराचं वर्ष

सोकछो, १२ मार्च १९९८

प्रिय वासरा,

अनेक आशीर्वाद.

एवढं लिहिलं आणि पेन ठेवून उठले. वाळत घातलेली मासळी उलटी केली, चहा केला, प्यायले, मग परत येऊन बसले. सत्तेचाळीस वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी ओक्-बुन. तुझी ताई. जिवंत आहे. यंदा मला एकोणसत्तरावं लागलं.

तुमेनच्या प्योन बाई सरहद्दीवरच्या नदीच्या चीनकडच्या काठावर सुक्या मासळीचा व्यापार करतात आणि आमच्यासारख्या दक्षिणेत अडकलेल्यांचे निरोप पलीकडे उत्तरेत पोचवतात. मागच्या शरदात मी त्यांना आपल्या गावाचं नाव आणि तुझं नाव दिलं होतं. परवा त्यांचा फोन आला. बुकछोंगजवळ, सफरचंदाच्या उतारावर, थाक म्योंग-हाचं घर आहे म्हणाल्या. मी विचारलं, त्याच्या उजव्या भुवईत खोक आहे का? बाईंचा माणूस दारातूनच परतला होता, त्याने तोंड पाहिलं नव्हतं. पण घरातल्याने 'हो, हेच घर' म्हटलं. मला तेवढं पुरलं.

बाबा इथेच गेले, १९७९ साली. शेवटपर्यंत त्यांनी या गावात पक्कं घर बांधू दिलं नाही. आठवड्याभरात परत जायचं आहे, भिंती कशाला, म्हणायचे. आम्ही इथले सगळे लढाईत तिकडून आलेले, म्हणून कुणी हसलं नाही. माझा नवरा बोटीवर होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. एक मुलगी आहे, मी-सोन. तुझी भाची. तोंडाने फटकळ आहे, कुणावर गेली ते तुला सांगायला नको.

दर नववर्षाला मी तांदळाच्या चकत्यांचं सूप केलं की माझ्या शेजारी एक वाटी तुझी मांडते. सूप प्यायल्याशिवाय वय वाढत नाही, मग तू तिकडे लहानच राहिलास तर? मी-सोन लहानपणी विचारायची, मामा आता किती वर्षांचा? मी बोटं न मोजता सांगायचे. बाबा तेवढ्यात उठून बाहेर जायचे. असा तू माझ्या स्वयंपाकघरात मोठा झालास, मिशा आल्या, केस पिकले. आता ते पिकले आहेत की गळाले, तेवढं तू कळव.

आई गेली असणार, हे मला कळतं. तिची तिथी लिही. ठाऊक नाही म्हणून इतकी वर्षं मी तिचं पान नवव्या महिन्याच्या नऊला वाढते, जिथे सगळ्या बिनतिथीच्यांचं वाढतात. त्या गर्दीत ती कशी जेवत असेल कोण जाणे. तिला गर्दी आवडत नसे.

तुझी,
ताई


बुकछोंग, २ मे १९९८

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. वाचायला फार दिवस लागले, कारण एकदा वाचून ते ठेवता येईना.

आजी तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वसंतातच गेली. आई १९७१ साली गेली, जुन्या पंचांगाप्रमाणे आठव्या महिन्याची तीन तारीख. झोपेतच गेली. तिने शेवटपर्यंत दाराला आतून कडी लावू दिली नाही. थंडीतसुद्धा नाही. दोघं रात्री-अपरात्री आली तर हाका मारत बसायला नकोत, म्हणायची. तिचं पान आता वेगळं वाढा.

भुवईतली खोक तशीच आहे. केस पांढरे, पण सगळे जागेवर. डावा गुडघा थंडीत धरतो. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगा, सुन-छोल. तेहेतीस वर्षांचा आहे, लाकडाच्या वखारीत काम करतो. अजून लग्न नाही. घरात आता फार माणसं नाहीत.

सफरचंदाची जुनी झाडं तीनच उरली. गेली काही वर्षं इकडे कठीण गेली, त्याबद्दल लिहीत नाही. दर नववर्षाला सकाळी टेकडीवर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायची सवय आहे. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही.

प्रकृतीला जपा. मासळी उलटी करायला मी-सोनला सांगत जा.

आपला,
म्योंग-हा


सोकछो, २१ जून १९९८

वासरा,

आईचं पान वेगळं वाढेन. तिथी मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. कडीचं वाचलं आणि दोन दिवस माझ्याच्याने दार लावलं गेलं नाही.

आता भांडते. हे 'आदरणीय' काय, 'तुम्ही' काय, 'आपला' काय? मी काय तुझ्या वखारीची साहेबीण आहे? माझ्या पाठीवर बसून तू माझी वेणी लगामासारखी ओढायचास. तेव्हा 'तुम्ही जरा पळता का' असं म्हणत होतास? मी-सोन म्हणते, आई, तो म्हातारा झाला, म्हातारी माणसं अशीच लिहितात. असेल. तिकडे लिहायची रीतच तशी झाली असेल. पण पुढच्या पत्रात 'तू' आला नाही तर मी उत्तर देणार नाही. आणि रागावलास की मला काय म्हणायचास तेही लिही. ते बाहेरच्या कुणाला ठाऊक नाही.

सुन-छोल हे नाव वाचून मी रडले. बाबांचा जीव या एका गोष्टीत अडकला होता. आपल्या पिढीच्या सगळ्या पोरांच्या नावाच्या शेवटी 'हा', त्यांच्या पोरांच्या नावाच्या सुरुवातीला 'सुन'. बाबा म्हणायचे, तिकडे म्योंग-हा एकटा, त्याला पुढचं अक्षर कोण सांगणार, उद्या रस्त्यात भेटला तरी कोण काका आणि कोण पुतण्या कळायचं नाही. तुला ठाऊक होतं तर. आईने सांगितलं असणार. मुलींना ते अक्षर मिळत नसे म्हणून मी लहानपणी रुसले होते, पण पाठ मलाच सगळ्यांत जास्त होतं. सुन-छोल तेहेतीस म्हणजे बारा प्राण्यांच्या वर्षांतल्या घोड्याच्या वर्षातला. मीपण घोड्याची. पोरगा हट्टी असेल, नाही?

आता खरं काम. प्योन बाई म्हणतात, वरच्या बाजूला नदी एवढी चिंचोळी आहे की या काठावरची हाक त्या काठावर ऐकू येते. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला लोक पूर्वजांना नमस्कार करायला म्हणून तिकडे येतात आणि उभे राहतात. मी येते. पासपोर्ट काढला. मी-सोन ओरडते, तुझं हृदय, तुझे गुडघे. मी तिला म्हटलं, हृदय कशासाठी ठेवलंय मग?

तू फक्त काठावर उभा राहा. बोलू नकोस हवं तर. मला एकदा बघायचं आहे, मग मेले तरी चालेल.

ताई


बुकछोंग, ९ सप्टेंबर १९९८

आदरणीय ताई,

रागावू नका. हात इतक्या वर्षांनी लिहू लागला की 'तू' लिहायला धजत नाही. प्रयत्न केला होता, कागद फाडावा लागला.

नदीवर येणं या वेळी होणार नाही. गुडघ्याने फारच धरलं आहे आणि वरच्या बाजूला जायला दोन डोंगर चढावे लागतात. तुम्हीही एवढा प्रवास करू नका, मी हात जोडतो. पुढे पाहू.

एक आनंदाची गोष्ट लिहितो, म्हणजे तुमचा राग जाईल. वाघाचं वर्ष फिरून आलं. येत्या बाराव्या महिन्याच्या एकोणीसला मला एकसष्टावं भरून साठ वर्षांचं चक्र पुरं होईल. सुन-छोल ताट मांडणार म्हणतो. पांढरा तांदूळ थोडा थोडा करून बरणीत साठवला आहे. मासा मिळेल. तुम्ही तिथून आशीर्वाद द्या, म्हणजे ताटावर वडीलधारं माणूस बसल्यासारखं होईल.

तुम्ही मला वासरू म्हणता ते फार गोड वाटतं. पुन्हा म्हणा.

आपला,
म्योंग-हा


सोकछो, २२ नोव्हेंबर १९९८

सुन-छोल,

तूच आहेस ना?

दोन महिने मी लिहिलं नाही. मी-सोनला वाटलं भाऊ नदीवर येत नाही म्हणून मी रुसले. मी तिला तसंच वाटू दिलं. तुझं पत्र मी तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं आणि रोज काढून एकच ओळ वाचत होते, वाघाची.

बाळा, खोटं बोलायचं तर आधी वर्ष मोजायला शिकावं.

माझा भाऊ वाघाचा नव्हता. तो बैलाच्या वर्षातला. वर्ष संपायला थोडेच दिवस उरले असताना, बाराव्या महिन्याच्या एकोणीसला झाला, म्हणून आई त्याला वासरू म्हणायची. जन्मला तो एकाचा, आणि नीट डोळे उघडून बघेपर्यंत नववर्ष आलं आणि दोनाचा झाला. आजी म्हणायची, दात नाहीत आणि आल्या आल्या वर्षभराचं सूप पिऊन बसला. शेवटच्या महिन्यातल्या पोरांचं लोक करायचे तेच बाबांनी केलं, वय फुकट वाढू नये म्हणून नाव पुढच्या वर्षात नोंदवलं. ते वर्ष वाघाचं, १९३८. कागदावर वाघ, घरात बैल. तू कागदावरून मोजलंस. तुझी चूक नाही, कागदावरून मोजणारा कुणीही असाच चुकेल.

पण तो चुकणार नाही. का, ते सांगते.

आम्ही निघालो त्या लढाईच्या हिवाळ्यात थोरल्या पोरांना सैन्यात धरून नेत होते. चौदा किंवा त्यापुढचं कुणी घरात ठेवायला लोक घाबरत होते. आजी अंथरुणावर होती, आईला तिला सोडून हलता येत नव्हतं. बाबा म्हणाले, मी आणि ओक्-बुन जातो, आठवड्यात येतो. म्योंग-हाचं काय? बाबा म्हणाले, त्याच्या कागदावर तेरा आहे, तेराच्या पोराला कोण हात लावतो? तुझा बाप ओसरीवर उभा होता. त्याने पायातला जोडा काढून अंगणात फेकला आणि ओरडला, "मी चौदाचा आहे. तेराचा नाही. मी बैलाचा आहे." आम्ही वळणावर पोचलो तरी ओरडत होता. बाबांनी मागे पाहिलं नाही. मी पाहिलं.

त्या एका वर्षापायी तो मागे राहिला. असा माणूस आपलं एक वर्ष स्वतःहून कमी करून मला कळवेल? मेला तरी नाही.

त्याचं एकसष्टावं मागच्या हिवाळ्यातच भरलं. मी इथे ताट मांडलं होतं. खजूर, चेस्टनट, राळ्यात मुरवलेला मासा, आणि पांढरा भात. मी-सोन म्हणाली, आई, कुणाचा पत्ता नाही आणि साठी कसली करतेस? मी रेशमी झगा घालून एकटीने वाकून नमस्कार केला. लहान भावाला थोरली बहीण वाकत नाही, मी वाकले.

आता तुझ्यावर रागावू कशी? भुवईची खोक तू रोज पाहिली असशील. कडीचं तू तुझ्या आजीच्या तोंडून ऐकलं असशील. 'तू' लिहिताना तुझा हात का धजला नाही तेही आता कळलं. तू घोड्याचा, मी घोड्याची, आणि मध्ये एक पिढी. नावात 'सुन' आहे त्याने 'हा'च्या जागेवर बसून मला ताई म्हणायचं नसतं रे.

कधी गेला? कसा, ते नको. मला तिथी सांग. त्याचं पान मी नवव्या महिन्याच्या नऊला वाढणार नाही. आई तिथे इतकी वर्षं बसली, तो बसणार नाही.

आणि पुढचं पत्र लिहिशील तेव्हा मला नीट हाक मार.

ओक्-बुन


बुकछोंग, १० जानेवारी १९९९

आत्या,

 ही हाक मी आजवर कुणाला मारलेली नाही.

बाबा गेल्या वर्षी २२ जानेवारीला गेले. इथे शेजारच्या म्हाताऱ्यांनी मोजून सांगितलं, बैलाच्या वर्षाच्या बाराव्या महिन्याची चोवीस. त्यांना शरदापासूनच अन्न नीट जात नव्हतं. प्योन बाईंचा माणूस त्यानंतर आला. त्याने दारातून विचारलं, थाक म्योंग-हाचं घर हेच का? मी हो म्हटलं. हो तर होतंच. त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग तुमचं पत्र आलं. पहिलाच शब्द वासरा. मला वाटलं, सत्तरीच्या बाईला एक उत्तर द्यावं, भाऊ बरा आहे म्हणून, आणि थांबावं. पण तुमचं दुसरं पत्र आलं. आत्या, मला तिसरंही हवं होतं. घरात मला रागवायला कुणी उरलं नव्हतं.

तुम्ही विचारलं होतं, बाबा तुम्हाला रागाने काय म्हणत. मला ठाऊक होतं की नाही, मलाच कळत नव्हतं. मी हट्ट केला की ते म्हणायचे, हा त्या पांढऱ्या घोडीच्या वळणावर गेलाय. मला लहानपणी वाटायचं, आपल्या घरी खरंच एक पांढरी घोडी होती. मी विचारायचो, ती कुठे गेली? ते म्हणायचे, येईल.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तुमचं पत्र वाचल्यापासून ते एकट्याने धरवत नाही.

बाबा जाण्याच्या पाच दिवस आधी सकाळी स्वतः उठले. केस ओले करून विंचरले. धुतलेला सदरा घातला आणि चुलीच्या धगीने तापलेल्या जमिनीवर भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "आज माझं चक्र भरलं." मी हसलो. मला तारीख ठाऊक होती, पण वर्ष मी कागदावर पाहिलं होतं. मी म्हटलं, बाबा, तुमचं पुढच्या हिवाळ्यात, बरणीत तांदूळ त्यासाठीच साठवतोय, अजून अर्धीसुद्धा भरली नाही. त्यांनी बरणीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मी चौदाचा आहे. तेराचा नाही."

मला वाटलं, ताप डोक्यात गेला. मी त्यांना झोपवलं. त्या दिवशी आम्ही मक्याची पेज खाल्ली. बरणी माझ्या हाताच्या अंतरावर होती.

तांदूळ अजून तसाच आहे. तुम्हाला पत्रात वाघाचं वर्ष लिहिताना मला खरंच वाटत होतं की बाबांचं एकसष्टावं यंदा आहे आणि ताट मी मांडीन. ते एवढं एक तरी खरं होतं, असं मला वाटलं होतं.

तुमचा,
सुन-छोल


सोकछो, १७ फेब्रुवारी १९९९

सुन-छोल बाळा,

तुझं पत्र त्याच्या तिथीच्या आदल्या दिवशी पोचलं. प्योन बाईंनी माणूस पाठवून खाडीतल्या, दोरी धरून ओढायच्या होडीवरून हातोहात दिलं. मी पान वाढलं. त्याचं स्वतःचं, एकट्याचं. मी-सोनला सगळं सांगितलं. फटकळ पोरगी उठली आणि मासा तळून घेऊन आली.

तुला दोष देत नाही. माझ्या बाबांनीही कागदच पाहिला होता. त्याला दोनदा तेरा म्हटलं गेलं, एकदा बापाकडून आणि एकदा पोराकडून, आणि दोघांचाही त्याच्यावर जीव होता. याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी रडते आणि उठून काम करते.

पाच दिवस आधी म्हणजे एकोणीस. त्याच सकाळी मी इथे ताट मांडून वाकले होते. त्याने तिकडे केस विंचरले आणि मी इकडे रेशमी झगा घातला, असं झालं ते. एवढंच मी सध्या धरून आहे, तूही धर.

तो तांदूळ शिजव. साठवू नकोस. पुढच्या कुठल्याही हिवाळ्यासाठी ठेवू नकोस. आज शिजव, एक वाडगा त्याच्यासमोर ठेव आणि म्हण, बाबा, बैलाचं चक्र भरलं. मग उरलेला तू पोटभर खा. हे आत्या सांगते आहे. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मी नदीवर येईन. जमलं तर ये. तुझं तोंड मी पाहिलेलं नाही, पण काठावरून कुणी आत्या म्हटलं की ओळखेन.

काल नववर्ष झालं. मी सूप केलं. नेहमीसारख्या वाट्या काढल्या आणि त्याची वाटी हातात घेऊन उभी राहिले. जिवंताची वाटी आपल्या शेजारी असते, गेलेल्याची पूर्वजांच्या ताटावर. वाटी तीच, सूप तेच. मी ती माझ्या शेजारून उचलली आणि बाबांच्या शेजारी ठेवली. माझ्या शेजारी तुझी मांडली. चौतीस.

मी-सोनने लहानपणी विचारायची तसं विचारलं, मामा आता किती वर्षांचा? मी बोटं न मोजता म्हटलं, एकसष्ट.

मागच्या नववर्षाला मी बासष्ट म्हटलं होतं. तेव्हा त्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता. ते एक वर्ष मी काल परत घेतलं.

तुझी,
आत्या